डावा कौल

बापू धुरी आमच्या पडवीत येऊन बसले तेव्हा मी पूजेसाठी फुलं निवडत होतो. बापू गावचे पहिले मानकरी. पालखीला पहिला खांदा त्यांचा. असा माणूस गुरवाच्या घरी आपल्या पायांनी येतो तेव्हा काहीतरी मागायलाच येतो, एवढं मला तेविसाव्या वर्षीही कळत होतं. आईनं आतून गूळपाणी पाठवलं. ते पाणी प्यायले आणि गूळ तसाच ठेवला.

"भालू," ते म्हणाले, "उद्या लवूचो कौल आसा."

"होय बापू."

"पाकळ्यो कशो लावतंस तू?"

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. वडील जाऊन चार महिने झाले होते आणि गावाचा कौल मी आतापर्यंत एकदाच लावला होता, तोही विहीर कुठे खणायची एवढ्याचाच. मी म्हटलं, "बापाशीन शिकवल्यान तशो. दोन्ही सारख्यो ओल्यो."

बापू हसले. "उद्या सारख्यो नको," म्हणाले.

कौल कसा लावतात ते आधी सांगतो. देवाच्या पाषाणाच्या मूर्तीला आंघोळ घालायची आणि छातीवर दोन्ही बाजूंना पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवायची. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्यानं देवाला प्रश्न विचारायचा. पाणी सुकत गेलं की पाकळी सुटते. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, पेरणी, भावाभावांच्या वाटण्या, सगळं आमच्या गावानं ह्या दोन पाकळ्यांवर सोडलं होतं. कोर्टाची पायरी चढणाऱ्याला आमच्याकडे लोक हसायचे. वडील म्हणायचे, गुरवाच्या हाताला स्वतःचं मत नसावं. कौलाच्या दिवशी ते सकाळपासून कुणाशी बोलायचे नाहीत, आम्हा पोरांशीसुद्धा नाही. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटायची आणि आम्ही मुद्दाम त्यांना गुदगुल्या करायला जायचो.

लवू मेस्त्री गावचे सुतार. गावातली निम्मी दारं, सगळे नांगर, इतकंच काय देवाची पालखीसुद्धा त्यांच्या हातची. त्यांची एकुलती एक मुलगी रतन. सातवी झाली, तालुक्याला शिवण शिकायला गेली, आणि तिथे तिनं पलीकडच्या गावच्या बौद्धवाडीतल्या एका शाळामास्तराशी रजिस्टर लग्न केलं. गाव पेटलं. गावकी बसली. लवूकाकांनी सर्वांसमोर सांगायचं की रतन आम्हाला मेली, आणि तिचा दहावा घालायचा, असं ठरलं.

त्या बैठकीला मी होतो. लवूकाका शांतपणे उठून उभे राहिले होते. बापू म्हणाले, "लवू, चाळीस घरां एका बाजूक आसत. तू एकटो."

"आसत, मोजलंय मी," लवूकाका म्हणाले. "पण चाळीस घरां म्हणतत म्हणान माझा चेडू मेला कसा? काल तर तेचा कार्ड ईला."

मागच्या बाजूला दोघेचौघे हसले आणि बापूंनी वळून पाहिल्यावर गप्प झाले. लवूकाकांना वाळीत टाकलं गेलं. गिरणीवाला त्यांचं दळण घेईना, कुणी काम देईना. त्यांची बायको सुंदराकाकी विहिरीवर गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून चालू लागायच्या. असं वर्ष गेलं. लवूकाका परगावी जाऊन कामं करायचे, पाच मैल चालून दळण आणायचे, आणि वाटेत बापू भेटले तर न चुकता रामराम घालायचे. बापू तोंड फिरवायचे. बळी तो कान पिळी म्हणतात, पण ह्या माणसाचा कान काही बापूंच्या चिमटीत सापडेना.

मग रतनला दिवस गेले. मास्तराची बदली झाली होती डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत. तिथे ना सडक ना दवाखाना, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, असं तिनं कळवलं. आमच्या गावात सरकारी दवाखाना होता, नर्स होती. लवूकाकांनी बापूंना जाऊन सांगितलं की चैत्रात मुलगी घरी आणणार. बापू म्हणाले, ती वेशीच्या आत आली तर तुझ्या घराचे वासे जागेवर राहणार नाहीत. तेव्हा लवूकाका म्हणाले, "माणसांचा मी आयकूचंय नाय. देवाक विचारा. देव नको म्हणालो तर नाय आणूचंय."

बापू एका शब्दानं हो म्हणाले. लवूकाकांना ह्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात कुणालाच वाटलं नसतं. माणूस माणसाशी लबाडी करील, पण कौलात कोण करणार?

तर, बापू आमच्या पडवीत बसले होते.

"डावी पडाक होयी," ते म्हणाले. "कशी ता तू बघ."

"आणि देवाच्या मनात उजवी आसली तर?"

बापू रागावले नाहीत. शाळेतल्या पोराला समजवावं तसं समजवायला लागले.

"देव म्हणजे कोण, भालू? देवळाच्या छपरार कौलां कोणी घातल्यानी? पालखी कोण उचलता? चाळीस घरांनी हात काढून घेतले तर तुझ्या देवाक दिवो कोण दाखवतलो? जेंच्या खांद्यार बसता, तेंचा देवाक आयकाकच होया."

"पण न्याय..."

"न्याय करूक जोर लागता. लवूकडे जोर आसा? नाय. मगे तेचो न्याय घेवन कोण काय चाटतलो?" ते उठले, चपला घातल्या आणि जाता जाता म्हणाले, "तुझो सोनूकाका दोनदा माझ्याकडे येवन गेलो. पूजेचो हक्क तेका होयो हा. मी सांगलंय, भालू शाणो आसा."

घरात आई होती, लग्नाच्या दोन बहिणी होत्या, आणि आमची सगळी शेती देवळाची. हक्क गेला की शेती गेली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी मी घाबरलो होतो आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते मला सुचलं. मी गप्प राहिलो आणि बापूंनी त्याचा बरोबर अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळात. पुरुष सभामंडपात, बायका बाहेरच्या कठड्याला धरून. मी गाभाऱ्यात जायला निघालो तेव्हा लवूकाका पायरीवर उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. वर्षभरानं ते देवळात येत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू आसस म्हणान माका भिया नाय रे," म्हणाले. "तुझ्या बापाशीचो हात तो."

मी आत गेलो. मूर्तीला आंघोळ घातली. उजवीकडच्या पाकळीला मागून गंधाचा टिपका लावला, घट्ट सहाणेवरचा, आणि ती अंगठ्यानं दाबून बसवली. डावीकडची नुसती ओल्या बोटानं टेकवली. मग मूर्तीच्या बाजूला सरून गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव ओरडलं.

"आज ह्या तुझा लेकरू लवू तुझ्या पायाशी ईला हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचा चेडू बाळंतपणाक माहेराक येवचा म्हणता. येवचा असात तर उजवी दी, येवचा नसात तर डावी दी. खरो काय तो न्याय कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज लवूकाकांचा होता.

मग वाट पाहणं. देवळात तीनशे माणसं आणि कुणी खोकेना. मी मूर्तीच्या बाजूला उभा राहून पाकळ्यांकडे पाहत होतो आणि मनातून देवाला सांगत होतो, उजवी पाड. माझं गंध खोटं कर, मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाड, सोनूकाकाला पूजा दे, पण उजवी पाड. एवढ्या मनापासून मी देवाला कधी काही मागितलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

डावी पडली.

बापूंनी टोपी काढून नमस्कार केला. लवूकाका उंबऱ्याशी आले आणि आडवे झाले. चाळीस घरांसमोर ज्याची मान वर्षभर वाकली नव्हती तो माणूस फरशीला कपाळ लावून पडून राहिला. कितीतरी वेळानं उठला आणि ओंजळ पुढे करून मला म्हणाला, "तीर्थ दी." मी पळी भरली. अर्धं पाणी खाली सांडलं.

बाहेरून बाईचा आवाज आला. सुंदराकाकी. ती कठडा सोडून दारापर्यंत आली होती.

"देवान चूक केल्यान असात," ती म्हणाली. "माझ्या चेडवान करूक नाय."

"बायलमाणसांनी हय बोलूचा नाय," बापू म्हणाले.

"सुंदरा, गप," लवूकाका म्हणाले. "देव आसा तो."

ती पायऱ्या उतरून एकटीच निघून गेली.

दोन दिवसांनी लवूकाका कोरं पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि रतनला पत्रं माझे वडील होते तोवर तेच लिहून द्यायचे, तिची आलेली वाचूनही दाखवायचे. मी पाट मांडला, टाक घेतला.

"येव नको म्हणान लिव," ते म्हणाले. "बापूस नको म्हणता, असा लिव नको हां. तेका वायट वाटतला. देवान नको सांगल्यान, असाच लिव."

मी लिहिलं. देवाने नको सांगितले. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालेलं.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय... पायरे उतराना सांभाळून उतर. तिका धावत उतरूची सवय आसा." मग म्हणाले, "बस. तितक्याच."

ते उठून गेले. कार्ड माझ्याकडेच होतं, पेटीत मीच टाकणार होतो. खाली चार बोटं जागा उरली होती. रतन माझ्या वर्गात होती. तिला एवढंच लिहायचं होतं की कौल खोटा आहे, बापूस तुझी वाट बघतो, निघून ये. चार बोटांत ते आरामात बसलं असतं. मी बराच वेळ टाक धरून बसलो. मग शाई वाळली आणि मी कार्ड नेऊन पेटीत टाकलं. देवळात तरी बापू समोर होते. इथे पडवीत मी एकटा होतो आणि तरी माझा हात चालला नाही.

सुंदराकाकी मात्र त्याच आठवड्यात गाठोडं बांधून एस्टीत बसली आणि लेकीकडे गेली. लवूकाकांनी तिला अडवलं नाही, स्टँडवर पोचवायलाही गेले नाहीत. गावानं त्यांना परत घेतलं. गिरणीवाला त्यांचं दळण आधी लावायचा. बापूंनी नव्या माडीच्या चौकटी त्यांनाच सांगितल्या आणि चारचौघांत म्हणाले, "लवूसारखो देवमाणूस गावात दुसरो नाय." लवूकाकांनी त्या चौकटी फार सुंदर केल्या.

ज्येष्ठात एका दुपारी ते पुन्हा कार्ड घेऊन आले. ह्या वेळी ते लिहिलेलं होतं. "मास्तराचा दिसता," म्हणाले. "वाच. झील झालो काय चेडू ता बघ."

चार ओळी होत्या. मी आधी मनात वाचल्या आणि मग मोठ्यानं वाचायला लागलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, हसऱ्या तोंडानं. मुलगी झाली, बाळ सुखरूप आहे. रतनला रक्तस्राव थांबेना. डोलीत घालून चार कोस आणली, वाटेत गेली. आई बाळाजवळ आहेत, त्या आता इथेच राहणार म्हणतात.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

लवूकाका माझ्या अंगणात खाली बसले. रडले नाहीत. बोलले ते असं, जसं काही मला धीर देताहेत. "देवाक म्हायत होता रे. हय ईला असता तरी ह्या होवचाच होता. माझ्या डोळ्यांदेखत नको म्हणान देवान तेका थय ठेवल्यान."

आमच्या अंगणातून दवाखान्याचं छप्पर दिसत होतं.

पुढची सात वर्षं मी त्या गाभाऱ्यात पूजा केली. बहिणींची लग्नं झाली. कौल लावायची वेळ आली की मी आजारी पडायचो, खरोखरच ताप भरायचा, आणि सोनूकाका लावायचा. सुंदराकाकी परत आली नाही. नात मोठी होत होती, तिला लवूकाकांनी पाहिलं नव्हतं. गावात कुणी भेटलं की ते कौलाची गोष्ट सांगायचे, देवानं कसं आधीच ओळखलं होतं ते. मला हे ऐकवेना. ते दिसले की मी वाट बदलायचो.

मग बापू धुरी गेले. झोपेतच गेले, नीट, काही त्रास न होता. त्यांच्या तेराव्याला गाव जेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी लवूकाकांच्या घरी गेलो. आता भीती उरली नव्हती म्हणून गेलो, ह्यात शौर्य काही नाही हे मला ठाऊक आहे.

ते पडवीत फळीला रंधा मारत होते. केस पांढरे झाले होते. "ये भालू," म्हणाले, "बस."

मी बसलो नाही. "लवूकाका, रतनाचो कौल देवान दिलेलो नाय. मी दिलंय."

रंधा थांबला. मी सगळं सांगितलं. बापू पडवीत कसे बसले, काय म्हणाले, गंध कुठल्या पाकळीला लावलं, कार्डावर किती जागा होती. काही ठेवलं नाही. माझ्या हाताशी त्यांची पटाशी पडली होती, आणि खरं सांगतो, त्यांनी ती उचलावी असं मला वाटत होतं.

त्यांनी फळीवरच्या ढलप्या हातानं झाडल्या. "बापून सांगल्यान?"

"होय."

"आणि तू केलंस."

"होय."

"मगे त्या दिवशी देव थय काय करी होतो?"

त्यांनी रंधा बाजूला ठेवला. मग एकदम म्हणाले, "नाय. खोटा बोलतंस तू."

"नाय काका, देवाशपथ..."

"आयक माझा." आवाज चढला नव्हता. "देव बोललो नसात, तर माझा चेडू कोणी मारल्यान? बापून? बापूक मी कधीच जुमानूक नाय. उभ्या गावाक म्हायत आसा. तू? तू तर पोर होतंस. मगे ता कार्ड कोणी धाडल्यान? मी धाडलंय. येव नको म्हणान मी सांगलंय. दारात येवक निघालेला माझा चेडू..."

आणि मग सत्तरीला टेकलेला तो माणूस माझ्यासमोर खाली वाकला आणि त्यानं माझे दोन्ही पाय धरले. मी मागे सरायला गेलो तर सोडेनात. सुताराचे हात, घट्ट.

"तू गुरव आसस," ते म्हणाले. "रोज देवाजवळ जातंस. तुका कळता. सांग माका. तुझो हात आसात, गंध आसात, बापू आसात, पण आतसून देवच होतो ना? देवानच दिल्यान ना डावो?"

मी आलो होतो खरं सांगायला. सात वर्षं मी त्याचीच तयारी केली होती. वर कुणी मानकरी उभा नव्हता, हक्काची भीती नव्हती, अंगणात चिटपाखरू नव्हतं. माझ्या पायांवर त्यांचं कपाळ टेकलेलं होतं.

"होय काका," मी म्हटलं. "देवानच दिल्यान."

"मगे बरा," लवूकाका म्हणाले, आणि त्यांनी माझे पाय सोडले.